रक्तात क्रिकेट नसते

स्मृती मानधना हिच्याविषयी मराठीत जे काही लिहिले-बोलले जाते, त्यात ‘क्रिकेट तिच्या रक्तातच होते’ हे वाक्य कुठे ना कुठे येतेच. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने दक्षिण आफ्रिकेचा ५२ धावांनी पराभव करून एकदिवसीय विश्वचषक जिंकला. त्या स्पर्धेत स्मृतीने ४३४ धावा केल्या. सांगलीच्या या मुलीचे चरित्र सांगण्याची जी लाट त्यानंतर उसळली, तिच्याबरोबर हे वाक्यही पुन्हा तरंगत वर आले. वडील सांगली जिल्ह्याकडून खेळलेले, भाऊही जिल्ह्याकडून खेळलेला, मग मुलगी खेळणारच, असा त्यामागचा साधा तर्क. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांत मराठी शिकवणारे आम्ही काही जण या वाक्याच्या विरोधात लिहीत आहोत. आमचे आरोप तीन आहेत. हे वाक्य वस्तुस्थितीला धरून नाही. ज्यांचे श्रेय त्यांना ते मिळू देत नाही. आणि या वाक्याचे पूर्वचरित्र चांगले नाही.

भाषेच्या मास्तरांनी क्रिकेटमध्ये नाक का खुपसावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, हे वाक्य क्रिकेटचे नाही, चरित्र या वाङ्मयप्रकाराचे आहे. धावांची सरासरी आकडेतज्ज्ञांनी पाहावी. माणूस कसा घडला हे सांगताना भाषा कोणत्या प्रतिमा वापरते आणि त्या प्रतिमांच्या आड काय लपवते, हे पाहणे आमचेच काम आहे.

पहिला आरोप आधी घेऊ. स्मृतीचा जन्म १८ जुलै १९९६ रोजी मुंबईत झाला. ती दोन वर्षांची असताना कुटुंब सांगलीजवळच्या माधवनगरला आले. ती डावखुरी फलंदाज म्हणून जगाला ठाऊक आहे. तिचा कव्हर ड्राइव्ह पाहताना समालोचकांना ‘उपजत’, ‘नैसर्गिक’, ‘दैवी’ यांखेरीज विशेषणे सुचत नाहीत. पण स्मृती जन्मतः उजव्या हाताची आहे. चेंडू ती उजव्या हाताने फेकते, क्वचित गोलंदाजी केली तर तीही उजव्या हाताने करते. फलंदाजी मात्र डाव्या हाताने, कारण ज्याचे पाहून ती शिकली तो भाऊ, श्रवण, डाव्या हाताने फलंदाजी करायचा आणि वडिलांना डावखुऱ्या फलंदाजांचे कौतुक होते. ही हकिकत अनेकदा छापून आलेली आहे. आश्चर्य एवढेच, की ती सांगणारेच पुढच्या परिच्छेदात ‘रक्तातच होते’ असे लिहून मोकळे होतात.

वाचकांनी क्षणभर थांबून या तपशिलाचा अर्थ लावावा. रक्ताने तिला उजवा हात दिला होता. डावा पवित्रा घराने दिला, अंगणाने दिला, भावाच्या मागे मागे मैदानावर जाण्याने दिला. जी गोष्ट पाहून आपण ‘रक्त’ म्हणतो ती नेमकी रक्ताच्या विरुद्ध जाऊन शिकलेली आहे. ज्या खेळीला ‘उपजत’ म्हणायचे तिचे मूळ अनुकरणात असावे आणि अनुकरण हा शब्द मात्र आपल्याला हलका वाटावा, यात आपल्या सौंदर्यविचाराचीही एक जुनी खोड दिसते. कवीच्या बाबतीतही आपण ‘प्रतिभा’ म्हणून हात जोडतो आणि त्याने कोणाच्या ओळी वहीत उतरवून घेतल्या होत्या, हे विचारायला संकोचतो.

भाऊ महाराष्ट्राच्या सोळा वर्षांखालील संघातून खेळू लागला, ते पाहून बहिणीला खेळावेसे वाटले. नवव्या वर्षी ती महाराष्ट्राच्या पंधरा वर्षांखालील संघात आली, अकराव्या वर्षी एकोणीस वर्षांखालील संघात. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात गुजरातविरुद्ध तिने १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या; एकदिवसीय सामन्यात द्विशतक करणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. ती बॅट राहुल द्रविडची होती आणि बहिणीसाठी ती मिळवली होती भावाने. बॅट एका हातातून दुसऱ्या हातात गेली. संक्रमण म्हणतात ते हे असे असते, डोळ्यांना दिसणारे, नावनिशी सांगता येणारे. ते सोडून न दिसणाऱ्या रक्ताकडे जायचे कारण काय?

आता याच मुलीला चाळीस-पन्नास वर्षे मागे नेऊन पाहू. समजा, तेच वडील, तोच भाऊ, तेच रक्त, पण साल १९५६. माधवनगरातली दहा वर्षांची मुलगी भावाच्या मागे मैदानावर गेली असती, तर फार तर चेंडू आणून देण्यापुरती. देशात महिला क्रिकेटची संघटनाच स्थापन झाली १९७३ मध्ये. भारतीय महिलांचा पहिला कसोटी सामना झाला १९७६ मध्ये. आणि महिला क्रिकेट नियामक मंडळाच्या छत्राखाली आले ते २००६ मध्ये. स्मृती त्या वर्षी दहा वर्षांची झाली. दार उघडायला आणि ती उंबऱ्यावर उभी राहायला एकच गाठ पडली. १९५६ सालच्या त्या मुलीचे रक्त काही वेगळे नसते. तिच्यासमोरचे दार बंद असते. अशा किती मुली या दोन जिल्ह्यांत होऊन गेल्या असतील, याची नोंद कोणत्याही धावफलकावर नाही. ‘रक्तातच होते’ हे वाक्य त्या सगळ्या मुलींना उद्देशून दुसरेही काही म्हणत असते: तुमच्या रक्तातच नव्हते. हा अपमान आम्हांला मान्य नाही.

दुसरा आरोप श्रेयाचा. मानधना कुटुंबाची कामाची वाटणी तिच्या सुरुवातीच्या मुलाखतींपासून सांगितली गेली आहे. सरावाचे, सामन्यांचे वेळापत्रक वडिलांकडे. आहार, कपडे आणि बाकी सगळी उस्तवार आईकडे. आणि नेटमध्ये चेंडू टाकायला भाऊ. रोज चेंडू टाकणे म्हणजे काय, हे ज्याने टाकले आहेत त्याला विचारावे. स्वतः राज्य पातळीवर पोहोचलेला मुलगा बहिणीच्या फलंदाजीसाठी खांदा दुखेपर्यंत धावत राहतो. वडील व्यवसाय सांभाळून गाडीच्या वेळा जमवतात. आई पहाटे उठते. ही सगळी कामे आहेत. कामाला वेळ लागतो, पैसा लागतो, अंग मोडते. रक्ताला यातले काही लागत नाही. ते आपोआप वाहते. म्हणून ज्या क्षणी आपण ‘रक्तात होते’ म्हणतो, त्या क्षणी पहाटे उठलेल्या आईचा डबा, वडिलांची पदरमोड आणि भावाची षटके एकदम पुसली जातात. कुटुंबाचा गौरव करण्याच्या आविर्भावात आपण कुटुंबाच्या श्रमाची चोरी करतो.

या पुसण्याची सगळ्यांत मोठी किंमत आयांनी मोजलेली आहे. ‘क्रिकेट घराणे’ म्हटले की वंशवृक्ष काढला जातो. त्यात आजोबा, वडील, काका, भाऊ. ज्यांनी स्वतः बॅट धरली नाही त्या बाया त्या वृक्षावर पानाएवढ्याही दिसत नाहीत. क्रीडाचरित्रांत आई येते ती बहुधा दृष्ट काढायला किंवा डोळे पुसायला. तिचे व्यवस्थापन, तिची काटकसर, तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांशी आणि सोयऱ्याधायऱ्यांशी केलेले वाद, ‘पोरीची जात, उन्हात काळी पडेल’ म्हणणाऱ्यांना तिने दिलेली उत्तरे यांना चरित्रात जागा नसते.

श्रेयाचा हा प्रश्न सांगलीत नवा नाही. याच गावात ११ मार्च १९१५ रोजी विजय हजारे जन्मले. कसोटीच्या दोन्ही डावांत शतक करणारे पहिले भारतीय ते. जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेडला ब्रॅडमनच्या ऑस्ट्रेलियाविरुद्ध ११६ आणि १४५. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला तेव्हा कर्णधार तेच होते. देशांतर्गत एकदिवसीय स्पर्धा त्यांच्या नावाने खेळली जाते. त्यांचे भाऊ विवेक हेही प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळले. म्हणजे ‘घराणे’ इथेही आहेच. पण त्या दोघा भावांची जी भागीदारी क्रिकेटच्या इतिहासात राहिली आहे, ती घराणे या शब्दाचा खरा अर्थ सांगते.

डिसेंबर १९४३. मुंबईतली पंचरंगी स्पर्धा, अंतिम सामना, हिंदू विरुद्ध ‘द रेस्ट’. हिंदूंनी ५ बाद ५८१ वर डाव सोडला. विजय मर्चंट नाबाद २५०. रेस्टचा पहिला डाव १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावात त्यांनी ३८७ केल्या आणि त्यांपैकी ३०९ एकट्या विजय हजारे यांच्या. दर पाच धावांतल्या जवळजवळ चार. सामना गेला तो गेलाच, डाव आणि ६१ धावांनी. पण त्या डावात सहाव्या गड्यासाठी दोघा हजारे बंधूंनी ३०० धावांची भागी केली. त्यात विवेक यांच्या धावा किती? एकवीस.

चरित्रे ३०९ वर थांबतात. आम्हांला विद्यार्थ्यांना सांगायचे आहे ते २१ विषयी. समोरचा भाऊ इतिहास घडवत असताना दुसरे टोक धरून ठेवणे, धाव घेण्यापेक्षा न बाद होणे महत्त्वाचे मानणे, तास न् तास चेंडू अडवत राहणे, ही त्या २१ धावांमागची कामगिरी. कुटुंब खेळाडूसाठी जे करते ते नेमके असेच असते. दुसऱ्या टोकाला उभे राहणे. धावफलक त्याला एकवीस म्हणतो आणि ‘रक्तात होते’ म्हणणारे चरित्र तेवढेही म्हणत नाही.

आणि खुद्द विजय हजारे कशाने घडले? शिक्षकाच्या घरात ते जन्मले. पुढे देवासच्या थोरल्या पातीचे महाराज विक्रमसिंहराव यांच्या आश्रयाने त्यांना क्लॅरी ग्रिमेट या ऑस्ट्रेलियाच्या थोर फिरकी गोलंदाजाचे मार्गदर्शन मिळाले. सांगलीच्या एका ख्रिस्ती शिक्षकाचा मुलगा, माळव्यातला मराठा संस्थानिक आणि ऑस्ट्रेलियन गुरू: या तिघांना जोडणारा रक्ताचा एक थेंबही कुठे सापडत नाही.

तिसरा आरोप सर्वांत गंभीर आहे. हजारे त्या सामन्यात ‘द रेस्ट’कडून का खेळत होते? कारण ते ख्रिस्ती होते. मुंबईची ती स्पर्धा गुणांवर संघ पाडत नव्हती, जन्मावर पाडत होती: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि १९३७ पासून ‘उरलेले’. मर्चंट आणि हजारे, आपल्या दोन सर्वोत्तम फलंदाजांनी एकमेकांविरुद्ध उभे राहायचे ते कुणाच्या पोटी जन्मलो यावरून. हाच क्रिकेटमधल्या ‘रक्ता’चा खरा इतिहास. १९४५-४६ च्या हंगामानंतर ती स्पर्धा बंद पडली. तिची परिभाषा मात्र क्रीडागद्यात साजूक रूप घेऊन शिल्लक राहिली.

हिंदूंच्या संघात तरी सगळे रक्त एका भावाने विकले जात होते का? पालवणकर बंधूंना विचारावे. बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे चार भाऊ, चर्मकार समाजातले, चौघेही वरच्या दर्जाचे क्रिकेटपटू. भारतीय क्रिकेटमधले पहिले मोठे घराणे कोणते म्हणायचे असेल तर ते हे. थोरला बाळू पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची देखभाल करायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचा. त्या चेंडूंतून त्याची डावखुरी फिरकी तयार झाली. हिंदूंच्या संघाला तो गोलंदाज हवा होता. त्याच्याबरोबर चहा मात्र नको होता. त्याचा चहा मंडपाबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात.

साताऱ्याच्या वाचकांना या कथेत आपले गावही सापडेल. रामचंद्र गुहा यांनी ‘अ कॉर्नर ऑफ अ फॉरिन फील्ड’ (२००२) या ग्रंथात ही हकिकत दिली आहे. पुण्याचा हिंदूंचा संघ सातारा जिमखान्याशी खेळायला आला. जिमखाना फक्त गोऱ्यांचा. बाळूची फिरकी बोथट व्हावी म्हणून यजमानांनी आठवडाभर खेळपट्टीवर रोलर फिरवून घेतला. बाळूने सात गडी बाद केले आणि सामना हिंदूंनी जिंकला. ज्याने स्वतः वर्षानुवर्षे दुसऱ्यांसाठी खेळपट्ट्या राखल्या त्याला खेळपट्टीच्या भाषेत हरवायला निघालेल्यांची फजिती म्हणून हा प्रसंग सांगता येतो. पण आमच्या मुद्द्यासाठी त्यात अधिक काही आहे. बाळूचे ज्ञान मातीचे होते, रोलरचे होते, झाडूचे होते. ते ज्ञान त्याला जातीने दिलेले नव्हते आणि जातीच्या नावाने त्याच्याकडून काढून घेता येत नव्हते. काढून घेता येत होते ते कर्णधारपद. ते त्याला कधीच नीट मिळाले नाही. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेऊनही नाही. १९२० मध्ये विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाचा निषेध म्हणून संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल हिंदूंचा कर्णधार झाला आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली.

आता कोणी म्हणावे, की पालवणकरांच्या रक्तात क्रिकेट होते! ज्यांना ‘रक्ता’च्याच नावाने पंगतीबाहेर बसवले, त्यांचा गौरव पुन्हा त्याच शब्दाने करायचा? विठ्ठल पालवणकर यांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीत प्रसिद्ध केले. दलित आत्मकथनांचा प्रवाह शिकवताना आपण बहुतेक जण १९७८ च्या ‘बलुतं’पासून आरंभ करतो. त्याच्या तीस वर्षे आधी एका चर्मकार खेळाडूने लिहिलेले आत्मकथन आपल्या पाठ्यक्रमात का नसावे? खेळाडूचे पुस्तक म्हणजे वाङ्मय नव्हे, या समजुतीपायी? तसे असेल तर ‘रक्तात क्रिकेट’ म्हणणारे आणि ‘रक्तात साहित्य’ मानणारे आपण एकाच आळीत राहतो.

‘घराणे’ हा शब्द आम्हांला टाकून द्यायचा नाही. तो चांगला शब्द आहे. फक्त त्याचा अर्थ क्रीडापानांवर जाऊन बिघडला आहे. खरा अर्थ पाहायचा तर सांगलीपासून लांब जायला नको, मिरजेला जावे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणली ती रक्तातून नव्हे, गुरूच्या दारात वर्षे काढून. मिरजेत त्यांच्याजवळ विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले. ते काही त्यांचे पुत्र नव्हते. मिरजेत राहिलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांची किराणा गायकी कुंदगोळच्या रामभाऊंकडे, म्हणजे सवाई गंधर्वांकडे गेली आणि त्यांच्याकडून भीमसेन जोशी व गंगूबाई हनगल यांच्याकडे. मुसलमान उस्तादाचे गाणे ब्राह्मण घरात गेले, नावाड्यांच्या कुळातल्या बाईच्या गळ्यात गेले, आणि तरी घराणे एकच राहिले. आपल्या भागातल्या संगीताने ‘घराणे’ या शब्दाला दिलेला अर्थ हा आहे: शिस्त, सहवास, रियाज. या अर्थाने मानधनांचे घर हे खुशाल घराणे म्हणावे. तिथे भाऊ गुरू आहे आणि अंगण ही तालीम आहे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की शरीराचा वारसा तुम्ही नाकारता काय? नाकारत नाही. उंची, नजरेचा वेग, स्नायूंची ठेवण आईबापांकडून येते, हे शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. पण तीच ठेवण घेऊन जन्मलेली शेकडो मुले गावोगाव उसाच्या फडात काम करतात. शरीर हा कच्चा माल झाला; त्याचे काय होते याची कथा म्हणजे चरित्र. जो चरित्रकार कच्च्या मालाचे नाव सांगून पेन खाली ठेवतो त्याने चरित्र लिहिलेले नाही, जन्मदाखला लिहिला आहे.

दुसरा आक्षेप असा, की जगभर क्रिकेटची घराणी आहेतच, त्यांचे काय? जानेवारी २०२५ मध्ये राजकोटला आयर्लंडचा महिला संघ खेळायला आला होता. भारताचे नेतृत्व स्मृतीकडे, आयर्लंडचे गॅबी लुईसकडे. पहिल्या सामन्यात गॅबीने ९२ धावा केल्या. तिसऱ्यात स्मृतीने ८० चेंडूंत १३५ करून भारताला ५ बाद ४३५ पर्यंत नेले. गॅबीचे आजोबा इयान लुईस आयर्लंडकडून खेळलेले, वडील ॲलन लुईस आयर्लंडचे कर्णधार, बहीण रॉबिनही आयर्लंडकडून खेळलेली. गॅबी स्वतः २०१४ मध्ये तेराव्या वर्षी आंतरराष्ट्रीय सामन्यात उतरली. त्याच देशात जॉइस कुटुंबातली पाच भावंडे, तीन भाऊ आणि दोन बहिणी, देशासाठी खेळली. मग आयरिश लोकांच्या रक्तात काही विशेष आहे काय? मुळीच नाही. आयर्लंडमध्ये क्रिकेट हा मोजक्या क्लबांचा खेळ. तिथल्या महिला खेळाडूंना पूर्णवेळ मानधनाचे करार मिळाले तेच मुळी २०२२ मध्ये. जिथे शाळा खेळ शिकवत नाही, सरकार मैदान देत नाही, मंडळ पगार देत नाही, तिथे घरालाच शाळा, मैदान आणि मंडळ व्हावे लागते. अशा ठिकाणी ज्यांच्या घरात आधीच बॅट आहे त्यांचीच मुले पुढे जाणार. म्हणजे खेळात घराणी फार दिसू लागली, तर त्यात अभिमानापेक्षा काळजीचा भाग अधिक आहे. व्यवस्थेने जे द्यायचे ते दिले नाही, याचा तो पुरावा आहे. सांगलीलाही हेच लागू. घराण्याचे कौतुक हे पुष्कळदा न झालेल्या मैदानावर टाकलेले पांघरूण असते.

हे सगळे आम्हांला एवढ्या तिडिकीने का लिहावेसे वाटते, तेही सांगतो. आमच्या वर्गांत माण, खटाव, जत, आटपाडीकडची मुले-मुली येतात. पुष्कळांच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेले ते पहिलेच. कविता लिहा म्हटले, निबंध वाचा म्हटले, की त्यांच्यातून एक वाक्य हमखास येते: ‘सर, आमच्या घरात कोणी लिहिणारे नाही.’ हे वाक्य त्यांना कोणी शिकवले? आपणच. ‘खाण तशी माती’, ‘आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार’, ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात’ या म्हणी आपण अर्थासह पाठ करून घेतल्या; त्यांच्याशी वाद घालायला कधी शिकवले नाही. त्यावर पुन्हा खेळाडूंची, गायकांची, लेखकांची चरित्रे ‘रक्तातच होते’ म्हणत सांगितली. मग ज्यांच्या घरात बॅट नव्हती, पुस्तक नव्हते, त्या पोरांनी काय समजायचे?

त्यांना त्यांच्याच मातीतली उत्तरे देता येतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताकडून तिरंदाजीत उतरला. आईवडील मजुरी करणारे. मुलाला हेरले आणि पुढे पाठवले ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या शिक्षकाने. आड कोरडा होता म्हणावे, तर पोहरा भरून आला. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांचे वडील पैलवान, म्हणजे ‘रक्त’ होते. पण १९५२ मध्ये हेलसिंकीला जायचे भाडे रक्तात नव्हते. त्यासाठी लोकवर्गणी लागली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांना आपले घर गहाण ठेवावे लागले. तेव्हा कुठे स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक दिसले. आणि साहित्यातले उदाहरण हवे असेल, तर अण्णा भाऊ साठे. वाटेगाव, जे तेव्हा सातारा जिल्ह्यात होते आणि आज सांगलीत आहे. शाळा जेमतेम दीड दिवसाची. घरात ग्रंथ नव्हते. पण आसपास तमाशा होता, पोवाडा होता, पुढे मुंबईतल्या गिरणी कामगारांची चळवळ होती. त्या तालमींतून ‘फकिरा’ (१९५९) आली. तिचे मूळ रक्तात शोधणाऱ्याला एक शब्दही सापडणार नाही. कानांत शोधणाऱ्याला बरेच काही सापडेल.

तेव्हा आमची मागणी साधी आहे. मराठीत यापुढे ज्याला खेळाडूचे, गायकाचे, लेखकाचे चरित्र लिहायचे असेल त्याने वंशवृक्ष काढण्याआधी काही प्रश्न विचारावेत. चेंडू कोणी टाकले? डबा कोणी केला? प्रवासाचा खर्च कोणाच्या खिशातून गेला? मैदान कोणाच्या मालकीचे होते आणि आत कोणाला येऊ देत नव्हते? कोणाचे खेळणे थांबल्यावर हिचे सुरू झाले? या प्रश्नांची उत्तरे मिळवायला गावोगाव हिंडावे लागते, बायकांशी बोलावे लागते, क्लबांची जुनी दप्तरे उघडावी लागतात. ‘रक्तात होते’ लिहायला यांपैकी काहीच करावे लागत नाही, आणि म्हणूनच ते इतके लिहिले जाते.

शिक्षकांनाही एक विनंती. पुढच्या सत्रात चरित्र-आत्मचरित्र हा घटक शिकवताना विठ्ठल पालवणकरांचे पुस्तक कुठल्या तरी जुन्या ग्रंथालयातून शोधून काढावे आणि त्याच्या शेजारी स्मृतीविषयीचा एखादा ताजा लेख ठेवावा. दोन्ही वर्गात वाचावेत. ‘रक्त’, ‘उपजत’, ‘वारसा’ हे शब्द जिथे जिथे येतात तिथे विद्यार्थ्यांना पेन्सिलीने खूण करायला सांगावे आणि प्रत्येक खुणेपाशी कोणाचे काम झाकले गेले आहे ते समासात लिहायला लावावे. तो समास भरेल. त्यात आई येईल, भाऊ येईल, रोलर ओढणारा येईल, आणि एकवीस धावा करणाराही येईल.